अध्यक्षांची कारकीर्द आणि दहा नंबरची जर्सी

आमच्या फुटबॉल क्लबच्या माजी अध्यक्षांनी क्लबसाठी काय केलं असं कोणी विचारलं, की मी आधी चांगलं सांगतो. चांगलं आधी सांगून टाकलं की वाईट सांगायला हात मोकळे होतात, आणि ऐकणाऱ्यालाही वाटतं की माणूस निःपक्षपाती आहे. मी निःपक्षपाती नाही. मला त्या माणसाचा राग आहे. तो मी वर्षानुवर्षं जपलाय आणि हे लिहायलाही त्या रागापायीच बसलोय.

तर चांगलं. त्यांनी लोखंडी गोलपोस्ट दिले. त्याआधी आम्ही बांबू रोवायचो आणि वरच्या बांबूच्या जागी सुतळी बांधायचो. बॉल सुतळीच्या वरून गेला की खालून, यावर दोन गावांत वर्षभर अबोला राहायचा. त्यांनी जाळ्या आणल्या. मैदान दाबायला रोलर आणला. खेळणाऱ्यांना बूट दिले, जर्स्या दिल्या. इतकं सगळं एका माणसानं दिलं. मला हे सांगायला जिवावर येतं, पण सांगितलं.

आता उरलेलं.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, सडक अर्जुनीवरून आत वळणाऱ्या रस्त्यावर. मैदान म्हणजे गावाचं आखर, जिथे सकाळी गुरं गोळा होतात ती मोकळी जागा. ती तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागून खाली आहे. पाळ म्हणजे आमची गॅलरी. पूर्वजांनी तलाव बांधला तो धानाच्या पाण्यासाठी, पण बसून मॅच पाहायला ती पाळ इतकी सोयीची झाली आहे की त्यांच्या मनात हेही असावं असं मला लहानपणी वाटायचं. पाळीतून पाणी पाझरतं. त्यामुळे मैदानाचा एक कोपरा बाराही महिने ओलसर असतो. तिथे बॉल गेला की थबकतो. गावातला कुत्राही त्या कोपऱ्यातून जपून जातो.

माझं साउंडचं दुकान आहे. लग्न, दंडार, नाटक, मंडई, सगळीकडे माझे भोंगे लागतात. क्लबच्या मॅचला मी साउंडही फुकट लावायचो आणि कॉमेंट्रीही मीच करायचो. अर्धी मराठी, अर्धी हिंदी, मधूनच आपली झाडीबोली. कोणाचा बाप मॅच पाहायला आलाय, कोणाची सोयरीक समोरच्या गावात जुळून राहिली आहे, हे मला माहीत असायचं आणि ते मी माइकवर सांगायचो. लोक मॅचपेक्षा त्यासाठी जास्त यायचे असं माझी बायको म्हणते. तिचं म्हणणं मी खोडत नाही.

त्या काळात अध्यक्ष वगैरे काही नव्हतं. ज्याच्या घरी बॉल राहायचा तो अध्यक्ष. त्यानं बॉलमध्ये हवा भरून ठेवायची, पावसाळ्यात तो चुलीजवळच्या फळीवर सुकवायचा, आणि रोज दुपारी ऊन उतरलं की घेऊन मैदानावर यायचं. एवढीच जबाबदारी. बॉल घेऊन जो वेळेवर यायचा नाही त्याच्या घरून बॉल दुसऱ्याच्या घरी जायचा. यासाठी सभा घ्यावी लागत नसे.

मग हे आले. हायवेवर त्यांची राईस मिल आहे. त्यांच्या वडिलांची होती, त्यांनी मोठी केली. फुटबॉलचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. ऑफसाइड म्हणजे काय ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि कळलं नाही हे त्यांनी कोणाला कळूही दिलं नाही. निशाण वर झालं की ते टाळ्या वाजवायचे. पण त्यांना कुठल्यातरी गोष्टीचं अध्यक्ष व्हायचं होतं, आणि भजनी मंडळात आधीच एक अध्यक्ष होता.

आल्या आल्या त्यांनी बोकड बंद केला.

बोकडाचं सांगायला हवं. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. पाहुणे येतात, दुकानं लागतात, संध्याकाळी दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, असते. आमच्या गावच्या मंडईला फुटबॉलची फायनल असते. फायनल जिंकणाऱ्याला बोकड. तो घरी न्यायचा नाही. तिथेच, तलावाच्या तोंडाशी, तो शिजायचा. हरलेल्या संघानं कांदे चिरायचे आणि जिंकलेल्यानं वाढायचं, ही पद्धत. कांदे चिरता चिरता डोळ्यांतून पाणी आलं तर ते कशाचं, हे कोणी विचारायचं नाही. मग दोन्ही गावं पाळीवर पंगतीला बसायची. मी स्वतः एकदा ज्या माणसाला माइकवरून काय काय बोललो होतो त्याच्याच हातचा रस्सा तिथे दोनदा मागून घेतला आहे.

अध्यक्षांनी म्हटलं, हे गावठी वाटतं. बोकडाच्या जागी शील्ड आली. शील्डवर मधोमध त्यांचा फोटो. जेवण मंडपात, पाहुण्यांसाठी, खुर्च्यांवर. पाळीवरच्या लोकांना फुटाणे. जिंकलेल्या एका गावानं ती शील्ड रांजणावर झाकण म्हणून ठेवली असं कानावर आलं होतं. खरं-खोटं मी तपासलं नाही. खरं असावं अशी माझी इच्छा आहे.

पण बोकडासाठी मी कोणाचा सूड घेतला नसता. इतका हलका मी नाही.

आमच्या क्लबचा दहा नंबर टोल्यावरचा होता. टोला म्हणजे पाळीच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेली पंधरा-वीस घरांची गोंडांची वस्ती. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, मग वनखात्याची रोपांची कामं, आणि पावसाळ्यात रस्त्याकडेच्या दोन बांध्यांत, म्हणजे खाचरांत, स्वतःचं धान, असं त्याचं वर्ष. डावखुरा. बोलायचा कमी. त्याच्याकडे बॉल गेला की मी माइकवर गप्प बसायचो, कारण मी बोललो तर लोक मला हाकलायचे. त्यानं बूट कधी घातले नाहीत. अध्यक्षांनी दिलेले बूट त्यानं भावाला दिले. अध्यक्षांना ते खुपलं होतं असं मला नंतर वाटलं.

त्या वर्षी अध्यक्षांना ती शील्ड जिंकायचीच होती. मंडईला कोणीतरी मोठा पाहुणा यायचा होता. म्हणून त्यांनी बाहेरून खेळाडू आणले. जीपमधून आले, डोळ्यांवर काळे चष्मे, पायात मोजे गुडघ्यापर्यंत. त्यातल्या एकानं सांगितलं, मी दहा नंबरशिवाय खेळत नाही.

मॅच सुरू व्हायला थोडाच वेळ होता. पाळ भरलेली. अध्यक्षांनी मंडपासमोर आमच्या दहा नंबरला बोलावलं.

"ते जर्सी देऊन दे यांना," ते म्हणाले. "तू दुसरी घाल."

"दुसरी तर नाई ना जी आपल्यापाशी," तो म्हणाला.

"मंग बस आज. तू काय घरचाच."

त्यानं जर्सी काढली. उलटी झाली होती ती सुलटी केली. मांडीवर ठेवून घडी घातली, दोन्ही बाह्या आत घेतल्या, आणि त्या बाहेरच्या खेळाडूच्या हातात दिली. मग उघड्या अंगानं पाळीवर चढला आणि पाळीवरून, सगळ्या गावासमोरून, टोल्याकडे निघून गेला. त्यानं मागे पाहिलं नाही. मी पाहत होतो.

मी माइक उचलला. म्हटलं, "अध्यक्षजी, दहा नंबर आपला आहे. त्याले वापस बोलवा. तो नाई तर हे मॅच कोनाची?"

अध्यक्षांनी नुसता हात हलवला. त्यांच्या ड्रायव्हरनं माझी वायर उपटली. माझं मशीन, माझी वायर, माझे भोंगे, आणि बंद कोणी केले तर गाडीच्या ड्रायव्हरनं! मी पुढेही बोलत राहिलो, पण समोरच्या रांगेपलीकडे ते कोणाला ऐकू गेलं नसेल.

मॅच झाली. आपण जिंकलो. पाहुण्या दहा नंबरनं दोन गोल मारले आणि पाळीवरून टाळ्या पडल्या. मी तोवर वायरी गुंडाळून हातगाडीवर टाकल्या होत्या. त्या दिवशी घरी जाताना मी ठरवलं, की या माणसाला त्या खुर्चीवरून उठवीन आणि आपला दहा नंबर त्याच पाळीवरून परत आणीन. मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी जेवून घ्या.

पुढच्या वर्षी साउंडही बाहेरचा आला आणि कॉमेंट्रीवालाही. गोंदियाचा कोणी हिंदीवाला होता. तो प्रत्येकाला शेर म्हणायचा. गोल खाणाऱ्या गोलकीपरलाही शेर. कोणाचा बाप कोण, त्याला काय ठाऊक? मी पाळीच्या टोकाला उभा राहून ऐकायचो आणि मनातल्या मनात अध्यक्षांच्या गाडीच्या चाकांतली हवा सोडायचो. त्यांच्या घरच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी माझा भोंगा बिघडेल अशीही एक योजना होती. पण त्यांनी लग्नालाही बाहेरचाच साउंड लावला.

त्या काळात मी अशा थराला गेलो की आमचा क्लब बाहेरगावी हरला की मला बरं वाटायचं. ज्या क्लबसाठी मी घसा फोडला, तो हरावा म्हणून मी देवाला हात जोडायचो. या अध्यक्षांच्या कारकिर्दीचं मोजमाप मला विचाराल तर हे आहे. बाकी लोखंड, जाळ्या, रोलर सगळं त्याच्या खाली.

इकडे टोल्यावाल्यांनी आपला संघ काढला. जर्स्या नाहीत, बूट नाहीत, ज्याच्या अंगात जे असेल ते. जंगलाच्या कडेला त्यांनी जागा साफ केली. दोन वर्षं ते आमच्या मंडईत उतरले नाहीत. तिसऱ्या वर्षी उतरले.

आणि त्याच वर्षी अध्यक्षांचा मला फोन आला.

झालं होतं असं, की मंडयांच्या दिवसांत एकाच दिवशी चार-चार गावांत कार्यक्रम असतात. गोंदियाचा शेरवाला कामठ्याकडे कोणी आधीच बोलावून घेतला होता. तालुक्यात एक भोंगा मोकळा नव्हता. माझे भोंगे मात्र मोकळे होते. मी ते मोकळे ठेवले होते. त्या दिवसाची तीन आमंत्रणं मी परतवली होती, काऊन ते माझ्या पोराला कळेना.

"अरे, तुम्ही आपले घरचेच," अध्यक्ष फोनवर म्हणाले.

"होय जी," मी म्हणालो. "घरचाच."

इथे आमच्याकडची एक रीत सांगतो. मंडईच्या मैदानावर माइकवरून जे बोललं गेलं ते गेलं. गोल मारील त्याला कोंबडा, अमुक करील त्याला धोतरजोडी, असं लोक उत्साहात येऊन बोलतात, आणि जे बोलले ते त्यांना द्यावंच लागतं. मग तो गमतीत बोलला असो की पिऊन. आमच्याच गावात एकानं एकदा जोशात येऊन, गोल वाचवील त्याला माझी दुभती म्हैस, असं म्हटलं आणि गोलकीपरनं गोल वाचवला. त्याची बायको पाळीवरून रडत खाली आली. माणसानं डोकं धरलं. पण दुसऱ्या दिवशी म्हैस गेली. न देता गावात राहता येत नाही. त्याच्या घरचं आमंत्रण लोक घेत नाहीत, आणि मंडईत त्याला बसायला कोणी जागा देत नाही. ही रीत अध्यक्षांनाही माहीत होती. पण मोठ्या माणसाला वाटतं की रीत बाकीच्यांसाठी असते.

फायनलला आमचा क्लब आणि टोल्याचा संघ समोरासमोर आले. मी याला माझं नशीब म्हणतो. बायको म्हणते, टोल्यावाले चांगले खेळले म्हणून आले.

अर्ध्या वेळेपर्यंत गोल झाला नव्हता. मी माइकवर अध्यक्षांना मैदानात बोलावलं. आदरानं बोलावलं. म्हटलं, आपल्या क्लबची शान, ज्यांच्यामुळे हे पोस्ट, हे नेट, ते अध्यक्षजी आता बक्षीस जाहीर करतील. ते हसत हसत आले. त्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, आपल्या क्लबकडून जो गोल मारील त्याला माझ्याकडून एक बोकड. पाळीवरून शिट्ट्या वाजल्या. एवढ्या वर्षांनी बोकडाचं नाव निघालं होतं.

मी दुसरा माइक धरला होता. म्हटलं, "अन् समोरच्यानं मारला त, अध्यक्षजी?"

ते हसले. "समोरचे कायले मारतीन?"

"समजा मारला त?"

"मारला त ह्या खुर्चीवरून उठून जाईन म्या! वापस बसनार नाई!"

मंडपातले पाहुणे हसले. पाळ हसली नाही.  म्हशीच्या गोष्टीतला तो माणूसही तिथेच बसलेला होता आणि तो उठून उभा राहिला, हे मला आठवतं.

मी ते वाक्य माइकवर पुन्हा म्हटलं. सावकाश म्हटलं. मग हिंदीत म्हटलं, पाहुण्यांसाठी. मग आणखी एकदा, टोल्याकडच्या भोंग्याकडे तोंड करून.    तीन वर्षं मी या एका प्रश्नाची तयारी केली होती.

गोल कसा झाला ते ऐका. बॉल उडून पाळीकडच्या त्या ओल्या कोपऱ्यात पडला. आमच्याकडून खेळणारा बाहेरचा डिफेंडर धावत गेला. त्याला वाटलं बॉल उसळेल. बॉल ओल्यात थबकला आणि तो आपल्या भारी बुटांनिशी पुढे घसरत गेला, थेट पाळीच्या पायथ्यापर्यंत. आमचा जुना दहा नंबर मागून चालत आला. धावतसुद्धा आला नाही. त्यानं अनवाणी पायानं बॉल त्या ओलीतून उकरून घेतला, एक पाऊल आत आला आणि डाव्या पायानं मारला. जाळी हलली. अध्यक्षांचीच जाळी.

मी ओरडलो. "गोल" हा शब्द मी आयुष्यात तेवढ्या जोरानं कधी ओरडलो नाही, आणि तो माझ्याच क्लबवर झालेला गोल होता. भोंगा फाटल्यासारखा वाजला. आणि सगळी पाळ, आमच्याच गावची पाळ, उठून नाचायला लागली. बायका पदर उडवत होत्या. आमच्या क्लबच्या गोलकीपरच्या आईनंही टाळ्या वाजवल्या. मला आनंद झाला. लाज वगैरे काही वाटली नाही, आजही वाटत नाही.

मॅच तशीच संपली. अध्यक्ष मंडपातल्या त्यांच्या खुर्चीवर बसून होते. ती त्यांच्या घरून आणलेली, गादीची खुर्ची. दोन-तीन जाणती माणसं त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अरे, गमतीत बोललो," ते म्हणाले.

"माइकवर बोललात जी," म्हैसवाला म्हणाला. बस्स, एवढंच.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माइक बंद केला, म्हणजे त्यांनी आणखी काही बोलायचं तर स्वतःच्या आवाजात बोलावं. ते उठले. ड्रायव्हरनं खुर्ची उचलली. गाडी निघून जाईपर्यंत मी उभ्या उभ्या एक अख्खं पान खाल्लं. इतकं गोड पान मी पुन्हा खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा ट्रॅक्टर आला. गोलपोस्ट उपटून नेले, जाळ्या नेल्या, रोलर नेला. बूटसुद्धा परत मागवले. कोणी अडवलं नाही. संध्याकाळी आम्ही बांबू रोवले आणि वर सुतळी बांधली. बॉल माझ्या घरी आला. रीतीप्रमाणे मी अध्यक्ष झालो आणि कोणाला सांगावं लागलं नाही.

क्लबची पेटी त्यांनी तेवढी सोडली होती. तिच्यात तळाशी ती दहा नंबरची जर्सी निघाली. छातीवर त्यांच्या राईस मिलचं मोठ्या अक्षरांत नाव, त्याखाली क्लबचं, मागे दहा. मी ती घरी नेली. बायकोनं धुतली, मी स्वतः इस्त्री केली. अगदी त्यानं घातली होती तशी घडी घातली, बाह्या आत घेऊन. आणि पाळीवरून टोल्याकडे गेलो. माझ्या सुडाचा हा अर्धा भाग उरला होता, आणि खरं तर हाच मोठा होता.

तो अंगणात बांबूची टोपली बांधत होता. बसायला खाट दिली. त्याच्या बायकोनं चहा आणला, काळा, गुळाचा.

मी जर्सी पुढे केली. "आता त्याचं राज गेलं," मी म्हणालो. "दहा नंबर तुझा आहे. ये वापस आपल्या क्लबात."

त्यानं जर्सी घेतली. मांडीवर ठेवली. तिच्यावरून हात फिरवला.

"तुमी त्या दिवशी बोललात, काकाजी," तो म्हणाला. "मले ऐकू आलं होतं. पाळीवर होतो मी."

मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. म्हटलं, म्हणूनच तर माझी वायर उपटली.

"होय जी," तो म्हणाला. "पन मॅच तर खेळलीच ना तुमच्या क्लबनं."

मी चहा संपवला.  त्यानंही विषय वाढवला नाही, यंदा पाऊस कसा गेला ते बोलत राहिला. उठताना मी विचारलं, जर्सी ठेवू का. "राहू द्या," तो म्हणाला, "कामी येईन." मी आशा धरली. रोज दुपारी बॉल घेऊन मैदानावर गेलो की पाळीकडे पाहायचो. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. तो आला नाही. त्यांचा संघ त्यांच्या मैदानावर खेळत होता, आणि आमच्याकडे गोल मारणारा कोणी नव्हता.

मग दिवाळीआधी, धान लोंबीवर आलं तेव्हा, मी स्कूटरवरून हायवेकडे चाललो होतो. रस्त्याकडेला त्याच्या दोन बांध्या आहेत. मिलकडे जायचा रस्ता तोच. बांधीच्या मधोमध बुजगावणं उभं होतं. डोक्याला फुटकं मडकं, हात बांबूचे, आणि अंगात ती जर्सी.

मी स्कूटर थांबवली. छातीवर राईस मिलचं नाव, लांबून वाचता येईल असं. तिच्या मालकाची गाडी रोज दोनदा इथून जाते. मी हसलो. स्कूटरच्या हँडलवर डोकं टेकून हसलो. माझा सूड एका संध्याकाळचा होता. यानं पिकाच्या अख्ख्या हंगामाचा घेतला होता, आणि तोही तोंडातून शब्द न काढता. वारा आला की ते बुजगावणं वळायचं आणि पाठीवरचा दहा दिसायचा. पोपट लांब बसले होते.

हसून झाल्यावर मी डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं. तेव्हा मिलच्या नावाखालची ओळ वाचली. तिथे आमच्या क्लबचं नाव होतं. मिलच्या नावाइतकंच स्वच्छ. बायकोनं जर्सी चांगली धुतली होती. मी हायवेला न जाता घरी परतलो.

तीन-चार दिवसांनी माजी अध्यक्ष माझ्या दुकानात आले. एकटे, ड्रायव्हर नाही. या क्षणाची मी किती वाट पाहिली होती! त्यांना काय काय ऐकवायचं ते सगळं माझ्या तोंडपाठ होतं. ते स्टुलावर बसले, इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "ते शेतातलं... लोक हसून राहिले आहेत. तुमचं ऐकेल तो. काढायला लावा. मी त्याले नवीन कपडे देतो पाहिजे त."

मी वायर सोलत होतो, ती खाली ठेवली.

"नाई जी," मी म्हणालो. "नाई लावनार."

"अरे, पण माझ्या मिलच्या नावाखाली तुमच्या क्लबचंही नाव आहे," ते म्हणाले.

"वाचलं मी," मी म्हणालो. "धान कापेपर्यंत उभे राहू दोघंही."